सदतिसावा बिल्ला

फलाटकाका जेवायला बसले की काकू आधी खिडकी लावून घेत. काकांना मीठ हवं असेल तर ते साध्या माणसासारखं मीठ मागत नसत. "मीठ... जेवणाच्या टेबलावर... अद्याप आलेलं नाही," असं प्रत्येक तुकड्यानंतर एकेक श्वास सोडत म्हणत, आणि काकूंनी मीठ पुढे सरकवलं तरी तेच सगळं पुन्हा एकदा म्हणत. बसस्थानकाच्या माईकसमोर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचं कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नाही. काकूंना लग्नाचं विचारलं तेही दोनदाच. "मी पहिल्या खेपेलाच हो म्हटलं होतं," काकू सांगतात, "पण यांचं दुसरं व्हायचं होतं ना. तोवर मी हो धरून उभी."

गावात त्यांचं खरं नाव कुणाला विचारलं तर लोक डोकं खाजवतील. फलाटकाका म्हटलं की पोरंसोरंसुद्धा नाक चिमटीत धरून "फलाट क्रमांक तीनवर" सुरू करतात.

स्थानकाच्या मधोमध त्यांची काचेची खोली होती. खोली कसली, जरा पसरट कपाटच. आत एक खुर्ची, खुर्चीवर काकूंनी शिवलेली उशी, रुमालात गुंडाळलेला माईक आणि समोर एक लाकडी पाटी. पाटीवर साठ खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक पत्र्याचा बिल्ला, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. एक बिल्ला म्हणजे एक बस. बस फलाटाला लागली की काका बिल्ला लाल करत आणि मगच तोंड उघडत. आधी बिल्ला, मग आवाज. या क्रमात सव्वीस वर्षांत फरक पडला नव्हता, म्हणजे पहिलं वर्ष सोडून.

पहिल्या वर्षी एकदा मागच्या थांब्यावरून फोन आला होता, "निघालीय, पोचलीच समजा." नव्या नवलाईत काकांनी समजून टाकलं आणि बस आल्याचं जाहीर केलं. तेव्हा काकांचे सासरे, लेकीचा नवा संसार पाहून परत निघालेले, स्थानकाबाहेर आरामात चहा पीत होते. जावयाचा आवाज ऐकताच ते पेटी उचलून धावले, फलाटाच्या कडेला अडखळले आणि मनगट मोडून घेतलं. चाक पंक्चर झालेली बस दीड तासाने आली. सासरे मात्र सहा आठवडे गेले नाहीत. हात गळ्यात बांधून ते जावयाच्या घरी बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले, "आमचे जावई ऐकलेत का?"

काकूंनी तेव्हा एकच अट घातली होती. डोळ्यांनी दिसल्याशिवाय आली म्हणायचं नाही. काकांनी ती इतकी मनावर घेतली की दाट धुक्याच्या सकाळी ते खोलीतून उठून बाहेर जात, बसला हात लावून बघत आणि मग येऊन माईक सुरू करत. ड्रायव्हर म्हणायचे, गाडीची नाडी बघायला डॉक्टर आले.

तीन वर्षांपूर्वी या खोलीत एक खोकं आलं होतं. आत आपोआप बोलणारं यंत्र होतं. बटण दाबायचं, घड्याळ लावायचं, मग एक गोड बाई वेळापत्रकाप्रमाणे सगळं बोलणार. पण गावाचे सभागृहातले सभासद, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, त्यांना काकांचा आवाज आवडायचा. त्यांनी एक फोन केला, "राहू दे ते तसंच." तेव्हापासून खोकं कोपऱ्यात होतं आणि काका त्यावर आपला थर्मास ठेवत.

तीन वर्षांनी, यंदाच्या थंडीत, थोरले साहेब झोपेतच गेले. सभागृहातली जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि इकडे थर्मासखालचं खोकं जिवंत झालं. स्थानकप्रमुख एक दिवस काचेवर टकटक करून आत डोकावले. हा माणूस वाईट बातमी सांगताना कानाची पाळी ओढतो. पाळी लांब ओढून त्यांनी सांगितलं की वरून पत्र आलं आहे, नवा सभासद काय म्हणतो ते बघून यंत्राचं ठरणार. बसवायचं ठरलं तर काकांची निवृत्तीपर्यंतची पाच वर्षं पार्सलखोलीत. "तिथे बोलावं लागत नाही," ते समजूत घालत म्हणाले, "वजन केलं की झालं."

काकांना त्या दिवशी जेवताना मीठ लागलंच नाही, असं काकू सांगतात.

निवडणुकीला दोघंच उभे होते. एक थोरल्या साहेबांचा पुतण्या, वकील. हा "माझं नम्र निवेदन असं आहे की" म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नसे. दुसरी दातांची डॉक्टर. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्यापुढे आ वासून पडलेला, त्यामुळे सभेत ती उभी राहिली की लोक आपसूक तोंड मिटून बसत. तिची भाषणं दवाखान्यातल्यासारखीच असत. "रस्ते बघा. दुखतंय? दुखणारच. वीस वर्षं दुर्लक्ष केलंत." एवढं बोलून ती खाली बसायची. वकिलाचं निवेदन मात्र दीड तास नम्र राहायचं. गाव बरोबर मधोमध चिरलं होतं. न्हाव्याच्या दुकानात तर डाव्या खुर्चीवर वकिलाची माणसं बसत आणि उजव्या खुर्चीवर डॉक्टरणीची, आणि मधे न्हावी दोघांना हो हो करत वस्तरा चालवायचा.

वकील स्वतः काचेच्या खोलीत आला होता. खोलीत दोन माणसं मावत नाहीत, म्हणून त्याने दारातूनच निवेदन केलं. "काका, तुमचा आवाज म्हणजे या गावाची ओळख आहे. मी निवडून आलो की दुसऱ्या दिवशी हे खोकं परत जाईल. हा शब्द आहे." त्याने थर्मासला हात लावून शब्द दिला. काका विरघळले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तो शब्द काकूंना दोनदा ऐकवला.

आता उरली डॉक्टरीण. तिला काय वाटतं ते विचारायची काकांची छाती होईना. पण प्रचार ऐन रंगात असताना त्यांची दाढ ठणकू लागली. दवाखाना त्यांच्याच गल्लीत, चार घरं सोडून. काका कण्हत खुर्चीत आडवे झाले आणि तिने नेहमीसारखं फर्मावलं, "आ करा. मोठा. अजून." तोंडात आरसा गेला, कापसाचे दोन बोळे गेले, पाणी खेचणारी नळी गेली, आणि मग डॉक्टरीण निवांत बोलू लागली. आपल्या जाहीरनाम्यात नववा मुद्दा बसस्थानकाचा आहे. ते यंत्र तीन वर्षं पडून आहे, हे बरोबर नाही. काकांच्या घशालाही आराम मिळेल. "तुम्हाला काही हरकत नाही ना?"

काकांना इतकी हरकत होती की त्यांचे पाय वर आले. "आँ," ते म्हणाले. "आँ आँ."

"छान," डॉक्टरीण म्हणाली. "थुंका."

जबडा अर्धा बधिर होता. घरी पोचेपर्यंत काकांच्या तोंडून एक धड शब्द निघेना. गावातल्या सगळ्यात खणखणीत आवाजाने आपली हरकत लाळेरुमालात नेली. काकू हसल्या नाहीत. निदान समोर तरी नाही.

मतदानाच्या दिवशी काकांनी कुणाला मत दिलं हे काही गुपित नव्हतं. काकूंनी कुणाला दिलं हे होतं. परत येताना त्यांनी तीनदा आडून विचारलं. काकू म्हणाल्या, "पेटी सीलबंद आहे, मी पण."

मतमोजणी शाळेच्या खेळाच्या सभागृहात होती. निवडणूक अधिकारी प्रत्येक वाक्यात "तांत्रिकदृष्ट्या" घालायचे, अगदी "तांत्रिकदृष्ट्या पाऊण वाजला" असंही म्हणायचे. मागच्या निवडणुकीत त्यांच्या एका कारकुनाने आकडे इतके भरभर वाचले होते की दोन्ही पक्ष अर्धा तास जल्लोष करत होते. या वेळी तसं नको म्हणून त्यांनी स्थानकावरून फलाटकाकांना मागून घेतलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, उशी आणि बिल्ल्यांची पाटी काखेत मारून हजर झाले. मतपेट्या चोपन्न होत्या. काकांनी चोपन्न बिल्ले ठेवले, उरलेले सहा खिशात टाकले आणि सगळे पांढरे करून बसले.

सहा टेबलांवर पेट्या उघडू लागल्या. टेबलावरून चिठ्ठी आली की काका बिल्ला लाल करत आणि सांगत, "पेटी क्रमांक बारा... टेबल क्रमांक चारवरून... वकील, दोनशे सत्तर. डॉक्टर, दोनशे चौसष्ट." मग तेच पुन्हा. प्रत्येक पेटी पाच-दहा मतांनी इकडे नाही तर तिकडे. खिडक्यांना लोक लटकले होते. मागच्या टेबलावर बेरजेचा मोठा तक्ता घेऊन एक नवा कारकून बसला होता. खरं तर त्याने चिठ्ठ्या बघून तक्ता भरायचा. पण काकांचा आवाज इतका स्वच्छ होता की तो ऐकूनच भरू लागला. सकाळभर त्याने काकांच्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी पेन उचलून धरायचं तंत्र नीट सांभाळलं.

दुपारी साडेतीनला मोजणी संपली. अधिकाऱ्यांनी तक्त्याची बेरीज दोनदा केली, कपाळ पुसलं आणि एक चिठ्ठी काकांच्या हातात दिली. वकील चौदा मतांनी विजयी. डॉक्टरणीची माणसं केव्हाच मान खाली घालून बाहेर चहाला गेली होती. वकिलाच्या माणसांनी त्याला खांद्यावर घ्यायची तयारी चालवली होती, फक्त कुणाच्या खांद्यावर यावरून वाद होता.

काकांनी माईकवरचा रुमाल सारखा केला. खोकं परत जाणार, थर्मास जागेवर राहणार, पाच वर्षं खुर्ची. त्यांनी श्वास घेतला, आणि सवयीने पाटीकडे नजर टाकली.

सदतिसावा बिल्ला पांढरा होता.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग सभागृहभर नजर फिरवली. भिंतीजवळ चहाची मोठी किटली ठेवली होती. ती एका मतपेटीवर ठेवली होती. पेटीचं सील शाबूत होतं, आणि किटलीच्या खाली, चहाच्या ओघळाखाली, ३७ हा आकडा दिसत होता.

मग तक्ता? त्यांनी मागे वळून नवीन कारकुनाचा तक्ता पाहिला. सदतिसाच्या रकान्यात आकडे होते. तेच आकडे वर छत्तिसाच्या रकान्यातही होते. काकांच्या सगळं ध्यानात आलं. छत्तिसावी पेटी त्यांनी नेहमीप्रमाणे दोनदा सांगितली होती. पहिल्यांदा कारकून जागेवर होता, त्याने लिहिलं. मग तो चहा आणायला उठला, दुसरं वाचन होता होता परत आला आणि पुढची पेटी समजून त्याने पुन्हा लिहिलं. रकाना भरला, म्हणून पेटीची कुणी आठवण काढली नाही, आणि पेटीवर किटली आली. म्हणजे सासऱ्यांच्या मनगटानंतर पंचवीस वर्षांनी ही चूकही काकांच्याच तोंडून निघाली होती.

सदतीस ही काकांच्याच गल्लीची पेटी होती. त्यात त्यांचं मत होतं, काकूंचं होतं, आणि बाकी सगळ्या गल्लीचं होतं. गल्ली कुणीकडची हे काकांना सांगायला नको होतं. त्या गल्लीतली एकही दाढ अशी नव्हती की जी डॉक्टरणीच्या हाताखालून गेलेली नाही.

पाटी फक्त काकांना दिसत होती. बिल्ला उलटायला अंगठा पुरतो. अंगठा तिथपर्यंत गेलाही. काका नंतर काकूंना म्हणाले की तो बिल्ला त्या वेळी नेहमीपेक्षा जड होता. काकू म्हणाल्या, पत्र्याचा बिल्ला काय जड असणार. पण त्या दिवशी त्यांनी त्यावर फार वाद घातला नाही.

अधिकारी घाई करू लागले. "तांत्रिकदृष्ट्या आपण थांबलोय."

काकांनी अंगठा मागे घेतला आणि माईक सुरू केला. "पेटी क्रमांक सदतीस," ते म्हणाले, "अद्याप आलेली नाही." काका दुसऱ्यांदा म्हणाले, कारण ते म्हणणारच होते.

मग जो गोंधळ झाला त्यात नवा कारकून रडवेला झाला, किटली सांडली आणि अधिकाऱ्यांना पहिल्यांदाच तांत्रिकदृष्ट्या काही सुचेना. काकांनीच त्यांना छत्तिसाचे आकडे दोनदा कसे चढले ते सांगितलं, आणि चूक माझ्या दोनदा बोलण्याची आहे, त्या मुलाची एकट्याची नाही, हेही सांगितलं. वकील अर्धवट कुणाच्या तरी खांद्यावरून खाली उतरून आला. काकांच्या खुर्चीशी वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "काका, माझं नम्र निवेदन आहे. ते खोकं लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे हो," काका म्हणाले. "पेटीही लक्षात आहे."

डॉक्टरणीची माणसं चहाचे कप हातात घेऊनच आत धावली. पेटी उघडली, सगळ्यांसमोर मोजली, दोनदा मोजली. चिठ्ठी आली. काकांनी सदतिसावा बिल्ला लाल केला आणि आपल्या सगळ्यात स्वच्छ आवाजात स्वतःला पार्सलखोलीत पाठवलं. डॉक्टर सहा मतांनी विजयी. हेही दोनदा. दुसऱ्या वेळी आवाज जरा बसला होता, असं खिडकीला लटकलेले सांगतात, पण ते लांब होते.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. बातमी काकांच्या आधी पोचली होती. काकांनी पाटी खाली ठेवली, उशी खाली ठेवली. "तू कुणाला दिलं होतंस ते आता तरी सांग," ते म्हणाले. "सहातलं एक तुझं असेल तर मला कळलं पाहिजे."

"कुणालाही दिलं असेल," काकू म्हणाल्या. "मोजलं तर तुमच्यामुळेच गेलं ना." आणि न मागता त्यांनी मीठ पुढे ठेवलं. "माझे बाबा असते तर आज त्यांनी हात वर करून दाखवला असता. तोच, मोडलेला."

महिन्याभरात खोकं उघडलं. थर्मास पार्सलखोलीत गेला, पाटीही गेली, कारण स्थानकप्रमुखांना ती कुठे टाकावी हे सुचेना. यंत्रातली बाई खरोखरच गोड होती. तिचा श्वास कधी संपत नसे, तिला खोकला येत नसे, आणि ती प्रत्येक गोष्ट एकदाच सांगे. पहिले दोन दिवस काका पार्सलं जोखता जोखता मान हलवून तिला दाद देत होते. तिसऱ्या दिवशी साडेदहाची बस फलाट तीनवर उभी आहे असं तिने सांगितलं आणि पन्नास माणसं सामान घेऊन फलाट तीनवर धावली. फलाट रिकामा होता. वेळापत्रकात साडेदहा होते, आणि बाईला खिडकी नव्हती.

पार्सलखोलीला होती. तिथून सगळे फलाट दिसत. आठवड्याभरात लोकांच्या ते लक्षात आलं. यंत्र बोललं की कुणी हलायचं नाही, सगळ्यांच्या माना पार्सलखोलीकडे वळायच्या. काका पार्सलाच्या सुतळीला गाठ मारता मारता बाहेर बघायचे आणि नकाराची मान हलवायचे. लोक पुन्हा बसायचे.

डॉक्टरीण सभागृहाच्या पहिल्या बैठकीला निघाली ती बसनेच. हातात बॅग, पायात नवे बूट. बाईने बस लागल्याचं सांगितलं आणि नवी सभासद फलाटाकडे धावली. एकटीच. बाकावरची माणसं जागची हलली नाहीत. शेवटी एका म्हातारीला दया आली. "ताई, ती बाई नुसतं घड्याळ सांगते," ती म्हणाली. "बस आली का ते तिकडं विचारायचं असतं."

डॉक्टरीण धापा टाकत पार्सलखोलीच्या खिडकीशी आली. आत काका एका पोत्यावर पत्ता लिहीत होते.

"आली का हो, काका?"

"अद्याप नाही."

तिने वळून बाकांकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते. "रोज असंच चालतं?" तिने विचारलं.

काकांनी पोत्यावरचा पत्ता पूर्ण केला. "प्रवाशांनी नोंद घेतलेली आहे," ते म्हणाले.

ती खिडकीच्या चौकटीला टेकून म्हणाली, "मी तुम्हाला आधी विचारलं होतं. दवाखान्यात. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"माझ्या तोंडात तुमचा आरसा होता."

डॉक्टरीण हसली नाही, पण तिचा हात आपसूक स्वतःच्या तोंडावर गेला. "बरं," ती म्हणाली. "आता नाही. आता बोला."

काकांनी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षं गावाला ऐकवलेला माणूस, आणि स्वतःसाठी बोलायची ही त्याची पहिलीच वेळ. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. इतक्यात फाटकातून साडेदहाची बस वळली, तेव्हा अकराला पाच कमी होते. काकांनी हात वर करून डॉक्टरणीला थांबवलं. बस फलाटाला लागेपर्यंत बघितलं, चाकं थांबेपर्यंत बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीतला एक बिल्ला लाल केला आणि खिडकीतून बाहेर वाकून, माईक नसताना, सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं सांगितलं. बाकांवरची माणसं उठली, सामान उचलू लागली.

डॉक्टरीण मात्र बॅगेचा बंद धरून तशीच उभी राहिली. काकांचं दुसऱ्यांदा सांगून झाल्यावरच तिने ती उचलली.